कुंकू लावलेली डिस्क

“किती वेळ लागेल?” खंदारेताईंनी दारातूनच विचारलं.

मी टेबलाखाली होतो. सर्व्हरचा डबा उघडून आतल्या डिस्कला कान लावला होता. टक, टक, टक, मग गप्प. परत टक, टक. हा आवाज ऐकला की दुसरी तपासणी करायची गरज राहत नाही. डिस्क मेलेली असते.

“दुपारपर्यंत देतो करून, ताई. तोवर पावत्या हातानं फाडा.”

“पावत्या घाल चुलीत. मला यादी पाहिजे. बॉम्बेची.”

मी बाहेर आलो. ताईंच्या हातात रक्ताची नळी होती आणि मागे एक माणूस उभा होता. तिशीचा, खाकी शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत बाईच्या चपला होत्या.

“हे अंगद शेळके. शाळेची व्हॅन चालवतात,” ताई म्हणाल्या. “यांची बायको समोरच्या दवाखान्यात आहे. सकाळी बाळंत झाली. पोर चांगली आहे, हिचं रक्त थांबेना. ओ गट समजून पिशव्या मागवल्या, मी जुळवून बघितलं तर एकही जुळेना. बॉम्बे आहे ती.”

बॉम्बे हा रक्तगटच आहे. पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून ते नाव. दहा हजारांत एखाद्याला असतो. या माणसांना ए नको, बी नको, सगळ्यांना चालणारं ओसुद्धा नको. त्यांना फक्त त्यांच्यासारख्याच माणसाचं रक्त चालतं. आमच्या पानगव्हाणच्या ट्रस्टच्या रक्तपेढीत खंदारेताईंनी चौदा वर्षांत अशी सात माणसं शोधून काढली होती. नाव, पत्ता, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ते, सगळं एका लाल वहीत. वही त्यांच्या खणात असायची.

ती वही रद्दीत गेली होती. मीच घालवली होती.

सहा वर्षं त्या रक्तपेढीचे कॉम्प्युटर मी सांभाळत होतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला तीनदा आपटलेला माणूस मी. सायबर कॅफेत झाडू मारता मारता लिनक्स शिकलो, कुणाच्या बापाच्या जिवावर नाही. त्याचा माज होता. खंडेनवमीला सगळ्यांनी आपापली हत्यारं पूजेला मांडली तेव्हा मी सर्व्हर मांडला, त्याच्याशेजारी कपाटात राखून ठेवलेली एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची, नवी डिस्क मांडली आणि दोघांना कुंकवाचं बोट लावलं. ताईंनी नेहमीसारख्या वह्या मांडल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “ताई, यांची पूजा आता शेवटची. सगळं चढवून झालंय आत. जागा अडवायलेत नुसती.” दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला.

“बॅकअप आहे ना रे?” ताईंनी विचारलं.

“आहे की. शनिवारचाच आहे.”

खरंच होता. सहा वर्षं एक शनिवार चुकवला नव्हता मी. अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल बाहेरच्या मोठ्या डिस्कवर घ्यायची, तारीख टाकायची, खूण करायची. फक्त ती नक्कल परत कधी ओतून बघितली नव्हती. एकदाही नाही.

बिलाच्या कॉम्प्युटरमधून मी दोनशे चाळीस जीबीची डिस्क काढली, सर्व्हरला लावली, बॅकअप ओतायला दिला. स्क्रीनवर लाल ओळ आली. समोरची डिस्क लहान आहे. थांबवतोय.

“काय झालं?” अंगदनं विचारलं.

“मूळची डिस्क एक टीबीची होती,” मी म्हणालो. “आत माल जेमतेम दीडशे जीबी. पण नक्कल घेताना त्यानं भांड्याचं मापसुद्धा लिहून घेतलंय. आता म्हणतो तेवढंच भांडं आण नाहीतर मोठं आण.”

“म्हणजे माल बसतोय, पण तो बसू देईना.”

“हां.”

“सरकारी हापिसातला दिसतोय,” अंगद म्हणाला. तो हसला नाही, मीही हसलो नाही.

ताई म्हणाल्या, “कपाटातली डिस्क कुठंय? पूजेतली?”

मी सर्व्हरची वायर सरळ करायला लागलो.

“नागनाथ.”

“अध्यक्षसाहेबांच्या मंगल कार्यालयात आहे. दिवाळीनंतर कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगला लावली.”

“रक्तपेढीची डिस्क?”

“साहेब म्हणाले लाव.”

ताईंनी नळी स्टँडमध्ये ठेवली. कार्यालय हायवेला होतं, मोटारसायकलवर बारा मिनिटं. “जा आणि काढून आण,” त्या म्हणाल्या.

“फोन करून बघतो.”

मी बाहेर पायरीवर जाऊन ट्रस्टच्या अध्यक्षांना, दिलीपराव सोळुंक्यांना, फोन लावला. दोन मिनिटांत आत आलो.

“काय म्हणाले?”

“आज लग्न आहे तिथं. गुंतलेत. पण ताई, तिची गरजच नाही. मी लहान डिस्कवरच बसवतो. येतं मला.”

“नक्की?”

“नक्की.”

“किती वेळ?”

“दोन तास.”

ताईंनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. साडेदहा. मग मान हलवून त्या फोनकडे गेल्या.

येत होतं मला, हे खोटं नव्हतं. बाहेरच्या डिस्कवर जागा होती. तिथं एक फाइल करायची जी ‘मी एक टीबीची डिस्क आहे’ असं खोटं सांगते. बॅकअप तिच्यात ओतायचा. मग तिच्यातून एकेक फाइल लहान डिस्कवर न्यायची, आणि शेवटी मशीनला सांगायचं की आता इथून चालू हो. मधेच यादी तेवढी काढून घ्यावी म्हणाल तर तेही जमणारं नव्हतं. सॉफ्टवेअर ज्या पोरानं लिहिलं तो कधीच परदेशी गेला होता आणि नावं त्यानं कुलपात ठेवली होती. सॉफ्टवेअर उभं राहिल्याशिवाय ती उघडणार नव्हती.

मी चालू केलं. एक टक्का. दोन टक्के.

अंगद माझ्यामागं स्टूल ओढून बसला. चपलांची पिशवी मांडीवर.

“तिकडं थांबा की तुम्ही. बायकोजवळ,” मी म्हणालो.

“आत सोडनात. सासू बसलीय दारात. ती लई रडायली. इथं निदान आकडा तरी पुढं सरकतोय.”

तीन टक्के.

“मी म्हणलं डॉक्टरला, माझं घ्या की,” अंगद म्हणाला. “म्हणले तुझं चालत नाही. मामाचीच पोरगी केली मी. आठ वर्षं एका ताटात जेवलाव. अन् रक्त चालत नाही म्हणे.”

“तिचे भाऊ बहीण?”

“एकच भाऊ, सुरतेला. निघालाय तो. सुरत काय इथं आहे का?”

पलीकडे ताईंचा आवाज येत होता. त्यांनी मुंबईला फोन लावला, मुंबईनं सोलापूरचं नाव दिलं, सोलापूरचा माणूस दुबईत होता. पुण्यात एक पिशवी निघाली. गाडीनं पाठवतो म्हणाले, संध्याकाळी सातला पोचेल. समोरच्या दवाखान्यातून सिस्टर दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा ती ताईंना म्हणाली, “सातपर्यंत नाही, ताई.” हळू म्हणाली, पण खोली लहान होती. अंगदनं पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली.

वहीतल्या सातांपैकी दोन माणसं ताईंना तोंडपाठ होती. शाळेतली शिपाई बाई आणि गांधी चौकातला एक सराफ. शिपाई बाई रिक्षात बसून आली. तिचंच हिमोग्लोबिन आठ निघालं. “घ्या ना ताई, मला काय होतंय?” ती म्हणत राहिली. ताईंनी तिला चहा पाजून घरी पाठवलं. सराफाला मागच्या महिन्यात कावीळ झाली होती. उरलेले पाच डब्यात होते.

“चेहरे दिसतात रे मला सगळ्यांचे,” ताई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या. “एकाच्या हातावर गोंदलेलं आहे. एक पोरगी सुई बघून हसायची. नावं येत नाहीत. नंबर तर कुणाचा येणार? वहीत बघायची सवय.”

मी वर बघितलं नाही.

बारा वाजता पस्तीस टक्के झाले होते. माझा हिशेब चुकला होता. एकाच डिस्कवरून वाचायचं आणि त्याच डिस्कवर लिहायचं, शिवाय जुनी वायर. नक्कल रांगत होती. दोन तास म्हणालो ते नुसता हा टप्पा धरून, आणि तोही चुकला. मला ते अकरालाच कळलं होतं.

“होतंय का नाही ओ?” अंगदनं विचारलं.

“होतंय.”

“छत्तीस,” तो म्हणाला. मग तोच आकडे वाचायला लागला. सदतीस. अडतीस. शाळेतल्या पोरांची हजेरी घेतल्यासारखं. एकदा मी पाणी प्यायला उठलो तर म्हणाला, “बसा तुम्ही, मी आणतो.” त्याला वाटत होतं मी उठलो तर आकडा थांबेल.

साडेबाराला ताई परत आल्या. “ती डिस्क अजून आणता येईल ना?”

“आता निम्मं होत आलंय ताई. आता मधे सोडलं तर पहिल्यापासून.”

हे साफ खोटं होतं. ती डिस्क आणली असती तर बॅकअप सरळ तिच्यावर ओतला असता. लाल ओळ नाही, खोटी फाइल नाही. एक तास, फार तर सव्वा. पण ‘निम्मं होत आलंय’ हे शब्द तोंडातून निघाले की माणसाला स्वतःलाच खरे वाटतात.

एक पंचावन्नला शंभर झाले. अंगद उभा राहिला.

“झालं?”

“अर्धं झालं. आता यातून त्यात.”

तो परत बसला. मी लहान डिस्क आखली, फाइली न्यायला दिल्या. आकडे नव्यानं सुरू झाले. एक. दोन. या वेळी त्यानं वाचले नाहीत.

सव्वादोनला दवाखान्याचा वॉर्डबॉय दारात आला. “शेळके कोण? चला जरा.”

अंगद उठला. पिशवी स्टुलावर ठेवली आणि गेला.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मानेवरची नजर गेली. हात भराभर चालायला लागले. औषधं आणायला बोलावलं असेल, सही पाहिजे असेल, असं मनात आलं आणि तेवढ्यावरच मी ते सोडलं. थोड्या वेळानं ताई आत आल्या. दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, “वेग घेतलाय आता, ताई. पेशंट कसंय?”

“तू तुझं कर,” त्या म्हणाल्या.

“अंगद कुठं गेला?”

“आहे तिकडं. तू थांबू नको. पूर्ण कर.”

साडेतीनला फाइली संपल्या. मशीन चालू केलं. काळा पडदा, एक ओळ, आणि गाडी तिथंच. मी दोनदा बंद करून चालू केलं. तीच ओळ. वीस मिनिटं मी भलतीकडंच शोधत होतो. मग उजेड पडला. प्रत्येक डिस्कला स्वतःचा लांबलचक नंबर असतो, आणि चालू होताना मशीन तो नंबर बघून डिस्क शोधतं. ते अजून मेलेल्या डिस्कचाच नंबर शोधत होतं. सकाळपासून शेजारी मरून पडलेल्या डिस्कला हाका मारत होतं. मी जुना नंबर खोडला, नवा टाकला.

चार वाजून पाच मिनिटांनी सॉफ्टवेअर उघडलं. बॉम्बे निवडलं. सात नावं आली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटते सांगायला, पण ते आनंदाचं होतं. असं काम जिल्ह्यात कुणाला जमलं नसतं असंही मनात येऊन गेलं. मी प्रिंट काढली आणि पळत पलीकडच्या खोलीत गेलो.

“ताई, हे घ्या. पहिलाच माणूस बसस्टँडसमोर आहे. मैनुद्दीन तांबोळी, सायकल पंक्चरचं दुकान. मी रोज तिथून जातो. शेवटचं रक्त सात महिन्यांपूर्वी.”

ताईंनी कागद घेतला. चष्मा लावला. सगळी नावं सावकाश वाचली.

“लावा ना फोन,” मी म्हणालो.

त्यांनी लावला. स्पीकरवर टाकला. दुसऱ्याच रिंगला माणसानं उचलला. मागं हवा भरायच्या पंपाचा आवाज होता.

“बोला ताई. कुणाला पाहिजे? पंधरा मिनिटांत आलो. शटर ओढतो अन् निघतो.”

“आज नको, मैनुद्दीनभाई,” ताई म्हणाल्या. “फक्त नंबर बरोबर आहे का बघायचं होतं. हा नंबर बदलू नका.”

“नाही बदलत. सगळं बरंय ना?”

“ठेवते.”

मी उभाच होतो. पंपाचा आवाज बंद झाला तरी कानात चालू होता.

“कधी?” मी विचारलं.

“दोन वाजून दहा मिनिटांनी.”

“मग मला का सांगितलं नाही? चार वाजेपर्यंत मला…”

“सांगितलं असतं तर तू उठला असतास. परत बसला नसतास.” ताईंनी कागदाची घडी घातली. “पुढच्या वेळी लागेल ना ही यादी. कुणालातरी लागेलच.”

त्या उठल्या, माझ्या खोलीत गेल्या आणि स्टुलावरची पिशवी घेऊन आल्या. दाराबाहेर अंगद उभा होता. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. ताईंनी पिशवी त्याच्या हातात दिली. त्यानं आत बघितलं, दोन्ही चपला आहेत याची खात्री केली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “झालं का तुमचं?”

टोमणा नव्हता तो. तो खरोखर विचारत होता.

“झालं,” मी म्हणालो.

“बरं झालं,” तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

ताईंनी कपाटातून एक कोरी वही काढली. लाल नव्हती, निळी होती. माझ्यासमोर ठेवली, पेन ठेवलं. “लिही. हातानं.”

मी लिहायला बसलो. तांबोळी मैनुद्दीन. बसस्टँडसमोर. अक्षर माझं कोंबडीच्या पायासारखं. तिसऱ्या नावावर होतो तेव्हा ताई म्हणाल्या, “मोठ्या डिस्कवर किती वेळ लागला असता?”

“एक तास. सव्वा.”

“म्हणजे जाऊन येऊन सगळं धरून?”

“बारा, सव्वाबारा.”

“आणि मैनुद्दीन पंधरा मिनिटांत आला असता.” त्यांनी हे मला विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मग विचारलं, “सकाळी दिलीपराव नेमकं काय म्हणाले?”

“लग्न आहे म्हणाले. सभापतींच्या घरचं. बायका सोनं घालून आल्यात, कॅमेरे बंद ठेवून कसं चालेल म्हणाले.”

“तू काय म्हणालास?”

“बरोबर आहे साहेब म्हणालो.”

“बाई मरायला लागलीय हे सांगितलंस?”

मी पेन खाली ठेवलं.

“नाही सांगितलं. सर्व्हरची डिस्क गेली एवढंच सांगितलं.”

“पुढं?”

“पुढं त्यांनीच विचारलं, फार घाई आहे का म्हणून.”

“मग?”

“नाही म्हणालो. जुगाड करतो म्हणालो.”

ताईंनी चष्मा काढला. पुढच्या महिन्यात माझं वर्षाचं कंत्राट त्या माणसाच्या सहीवर होतं, हे त्यांना माहीत होतं. मला करून दाखवायचं होतं, हेही त्यांना माहीत असणार. मला शिव्या द्यायला हव्या होत्या त्यांनी. अकरा वर्षं झाली, अजून वाटतं द्यायला हव्या होत्या.

“सातही लिहून काढ,” त्या म्हणाल्या. “आणि मग ती डिस्क घेऊन ये.”

मी गेलो तेव्हा लग्न आटोपलं होतं. खुर्च्यांच्या चवडी लागल्या होत्या, मांडवातली फुलं उपसून ढीग केला होता. कॅमेऱ्यांची पेटी ऑफिसच्या भिंतीवर उंच होती. वॉचमन एकटाच होता, पत्रावळीवरची जिलेबी खात बसलेला.

“काय काढायचंय?” त्यानं विचारलं.

“डिस्क.”

“साहेबांनी सांगितलंय का?”

“नाही.”

“मग?”

“स्टूल धर.”

त्यानं जिलेबी बाजूला ठेवली, हात पँटला पुसले आणि स्टूल धरलं. त्यानं दुसरं काहीच विचारलं नाही. सकाळीही विचारलं नसतं. चार स्क्रू होते. मी घड्याळ बघून काढले, का ते माहीत नाही. चार मिनिटं लागली.

डिस्क गरम होती. दिवसभर हजार माणसांचं जेवण रेकॉर्ड करत होती. खाली उतरून उजेडात धरली तर कोपऱ्यात कुंकू होतं, वाळून तपकिरी झालेलं, वर माझ्या बोटाची रेघ तशीच.

“रक्त आहे का ते?” वॉचमननं विचारलं.